दुःख घरातले, संस्था सगळ्यांची

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांचा धागा एकच निघाला. संस्थेतल्या कोणावर तरी घरात आघात झाला आणि त्यापाठोपाठ संस्थेचे कामच बदलायची वेळ आली. म्हणून ही सहा पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : सा. न. वि. वि. आमची संस्था पुण्याच्या धायरी परिसरात चौदा वर्षे मुलांसाठी अभ्यासिका आणि वाचनालय चालवते. तीन केंद्रे, सहा पगारी ताई, वर्षाचा खर्च साधारण १८ लाख. आमच्या संस्थापक-अध्यक्ष ताईंचा एकवीस वर्षांचा मुलगा चार महिन्यांपूर्वी नवले पुलाच्या उतारावर अपघातात गेला. आता संस्थेने फक्त रस्ते सुरक्षेचे काम करावे, अभ्यासिका दुसऱ्या कोणाला देऊन टाकाव्यात, असे ताईंना वाटते. त्यांना नाही म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. पुढच्या महिन्यात सभा आहे. काय करावे? – एक विश्वस्त, सिंहगड रस्ता

उत्तर : पुढच्या महिन्यात हा ठराव घेऊ नका. ताई चुकताहेत म्हणून नव्हे. अपघातानंतरच्या पहिल्या तासात काय होते, जखमीला कोण उचलते, चौकीत काय विचारतात, शवागाराबाहेर नातलगांचे किती तास जातात, हे त्यांना आता जितके ठाऊक आहे तितके तुमच्यापैकी कोणालाच नाही. ही माहिती मोलाची आहे, वाया जाता कामा नये. पण तिचे संस्थेने काय करायचे हे ठरवायला चार महिने फार थोडे आहेत.

अशा सभा कशा होतात ते डोळ्यांसमोर आणा. सभा ताईंच्याच घरी भरते. समोर हार घातलेला फोटो. चहाचे कप तसेच निवून जातात. ताई बोलतात, दोघीतिघींना रडू आवरत नाही, आणि कोणीतरी म्हणते, ‘ताई, तुम्ही म्हणाल तसं.’ इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ लागते. तो ठराव सांत्वनाचा असतो. सहा महिन्यांनी पगार थकला, अभ्यासिकेची मुले पांगली, की तीच मंडळी ‘तेव्हा बोलता आलं नाही’ म्हणतात आणि ताई दुसऱ्यांदा एकट्या पडतात.

तेव्हा सभा घरी नको, केंद्रावर घ्या. पहिल्या दिवशी फक्त दुखवट्याचा ठराव करा आणि सभा संपवा. कामाची सभा वेगळ्या तारखेला. त्या सभेत ताईंनी अध्यक्षस्थानी बसू नये, सदस्य म्हणून बोलावे. त्या दिवसापुरता अध्यक्ष दुसरा निवडा. आणि एक गोष्ट आधीच ठरवून लिहून ठेवा : वर्षश्राद्ध होईपर्यंत घटनेतला उद्देश बदलायचा नाही आणि अभ्यासिकेचे एकही केंद्र कोणाला द्यायचे नाही. पहिली दिवाळी, मुलाचा वाढदिवस, खटल्याच्या तारखा या वर्षभरात यायच्या आहेत. आज दिसणारा जोर टिकेल की मध्येच गळून जाईल, हे आज ताईंनाही सांगता येणार नाही.

पण वर्षभर थांबायचे म्हणजे हात बांधून बसायचे नाही. ताईंना लगेच काम हवे आहे, ते द्या. सहा महिन्यांचा प्रकल्प करा, खर्चाची मर्यादा वार्षिक खर्चाच्या दहा टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत १ लाख ८० हजार. सुरुवात चौकात फलक धरून उभे राहण्याने करू नका. ते काम दिसते, फोटोही छान येतात, पण त्याने काय बदलले हे मोजता येत नाही आणि तीन महिन्यांत स्वयंसेवक गळतात. आधी बारा घरांशी बोला, ज्यांच्याकडे गेल्या दोन वर्षांत असा अपघात झाला आहे. रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक आणि अपघात दाव्यांचे वकील यांच्यामार्फत आधी त्या घरांची परवानगी घ्या. प्रश्न चारच : पहिल्या दिवशी कोणाची गरज होती? कोणता कागद मिळायला सर्वाधिक त्रास झाला? पैसे कुठे अडले? आज काय बाकी आहे? या भेटी ताईंनी पहिले सहा महिने स्वतः घेऊ नयेत. समोरच्याचे बोलणे अर्ध्यावर राहते आणि ताईंचे सुरू होते. त्यात दोघांचेही हाल होतात.

आमचा अंदाज असा, की उत्तरे कागदपत्रांभोवतीच फिरतील. एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, धडक देणाऱ्या गाडीचा विमा क्रमांक हे सगळे गोळा करून शिवाजीनगरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज जायला हवा; कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि दुःखात ती केव्हा सरते ते घरच्यांना कळतही नाही. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे; तिचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची केंद्र सरकारची योजना २०२५ मध्ये आली. जखमीला उचलून नेणाऱ्या माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे, तरी ‘नसती लफडी नकोत’ म्हणून लोक न थांबता निघून जातात. यातले एकेक काम एका अर्धवेळ कार्यकर्त्याला जमण्यासारखे आहे. तुमच्या अभ्यासिकेचे दालन सकाळी रिकामे असते. मंगळवार-शनिवार दोन-दोन तास तिथेच मदतकेंद्र चालवा. कार्यकर्त्याचे मानधन महिना १२ हजार, प्रवास ३ हजार, छपाई-झेरॉक्स २ हजार धरले तर सहा महिन्यांचे १ लाख २ हजार होतात. उरलेले वकिलांच्या सल्ल्यासाठी राखून ठेवा.

सहा महिन्यांनी दोनच वह्या उघडा. मदतकेंद्राच्या वहीत, ताईंच्या किंवा तुमच्या ओळखीबाहेरची किती घरे आली? ती निम्म्याहून कमी असतील तर गरज अजून तुमच्यापुरतीच आहे, किंवा तुम्ही चुकीच्या जागी बसला आहात. दुसरी वही अभ्यासिकेचा हजेरीपट. त्यात मुले गळायला लागली असतील तर नवे काम जुन्याच्या पोटातून खात आहे.

अमेरिकेतले एक उदाहरण इथे लागू पडते. १९८० मध्ये कॅन्डी लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली गेली आणि त्यांनी त्याच वर्षी मातांची संघटना उभी केली. तिच्या नावात आधी ‘दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध’ असे शब्द होते. १९८४ मध्ये ते ‘दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध’ असे झाले. रोख माणसावरून कृतीवर गेला. लाइटनर स्वतः १९८५ मध्ये संघटनेतून बाहेर पडल्या. संघटना आजही चालू आहे. तुमच्या ताईंनी नव्या कामाचे एक वाक्य लिहावे, त्यात मुलाचे नाव, तो पूल आणि तो चालक यांतले काहीही येऊ नये. तरी वाक्य उभे राहत असेल तर ते संस्थेचे वाक्य आहे. मुलाच्या नावाने दालन करा, पुस्तकांचे कपाट करा, शिष्यवृत्ती ठेवा. घटनेत मात्र नाव घालू नका.

प्रश्न : आमचे कोथरूडचे मंडळ ज्येष्ठांसाठी वाचन, सहली, करमणूक असे उपक्रम करते. सोसायटी कायदा आणि धर्मादाय, दोन्हीकडे नोंदणी आहे. सचिवांच्या घरी वडिलांना स्मृतिभ्रंश झाला, त्यातून अशा रुग्णांसाठी दिवसभराचे सांभाळ केंद्र काढायचे सर्वांनी दोन वर्षे विचार करून ठरवले आहे. उद्देश बदलायची पद्धत कोणी नीट सांगत नाही. – सहसचिव, कोथरूड

उत्तर : आधी घटना वाचा. आठवणीतली नको, नोंदणीच्या वेळची शिक्क्याची प्रत काढून वाचा. ‘ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणासाठी सर्व प्रकारचे उपक्रम’ असे एखादे कलम पुष्कळ घटनांमध्ये असते. तसे असेल तर उद्देश बदलायची गरजच नाही. कार्यकारिणीचा ठराव करून केंद्र सुरू करा.

नसेल, तर गाडी पहिल्यांदा अडते ती वेगळ्याच ठिकाणी. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा (संस्थेच्या नोंदीचा) उतारा काढा आणि त्यावरची विश्वस्तांची नावे पाहा. कित्येक संस्थांच्या उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावे असतात, कारण मधल्या निवडणुकांचे चेंज रिपोर्ट (बदल नोंदवून घेण्याचे अर्ज) दिलेच गेले नाहीत, किंवा देऊन प्रलंबित राहिले. ज्या कार्यकारिणीची नोंदच नाही तिने बोलावलेल्या सभेवर उद्या कोणीही हरकत घेऊ शकतो. ती जुनी थकबाकी आधी निस्तरा. उशिराचा चेंज रिपोर्ट विलंबमाफीच्या अर्जासह देता येतो.

मग सोसायटी नोंदणी कायदा, १८६० चे कलम १२. कार्यकारिणीने बदलाचा लेखी प्रस्ताव करायचा आणि तो विशेष सर्वसाधारण सभेच्या किमान १० दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोहोचवायचा. वॉट्सअॅपवर भागवू नका. स्पीड पोस्टच्या पावत्या किंवा हातपोहोच सही हवी. सभेत तीन-पंचमांश मतांनी प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. एवढ्यावर भागत नाही. पहिल्या सभेनंतर एक महिन्याचे अंतर ठेवून दुसरी विशेष सभा घ्यायची आणि हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी तो कायम करायचा. चाळीस जण हजर असतील तर २४ मते. लोक ही दुसरी सभा विसरतात, किंवा तिसऱ्याच आठवड्यात उरकतात, आणि सगळी मेहनत फुकट जाते. कायद्याने मध्ये ठेवलेला तो महिना आम्हाला व्यक्तिशः फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरी सभा झाल्यावर नव्या घटनेच्या प्रती ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात दाखल करा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्या. सोबत दोन्ही सभांच्या नोटिसा, पोहोच, सह्यांचे हजेरीपत्रक, इतिवृत्त, आणि जुने कलम-नवे कलम शेजारी शेजारी मांडलेला तक्ता जोडा. हा तक्ता असला की निम्म्या त्रुटी निघतच नाहीत. तुमची नोंदणी नुसती न्यासपत्रावर असती तर मात्र विश्वस्तांना स्वतःच्या मताने उद्देश बदलता आले नसते. तिथे धर्मादाय आयुक्तांकडे कलम ५०-अ खाली कारभाराची योजना ठरवून घेण्यासाठी जावे लागते.

शेवटचा आणि सर्वांत महागडा टप्पा आयकराचा. ज्या उद्देशांवर तुम्हाला करसवलतीची नोंदणी मिळाली ते बदलले, तर बदलापासून ३० दिवसांत नव्याने अर्ज करावा लागतो. धर्मादायच्या आदेशाची वाट पाहत ही मुदत घालवू नका. दुसऱ्या सभेच्या आधीच सीएला गाठून अर्ज तयार ठेवा. नोंदणीशी न जुळणारे उद्देश घेतले आणि अर्जच केला नाही, तर संस्थेच्या साठलेल्या मालमत्तेवर कमाल दराने कर बसू शकतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या नमुन्यावर अर्ज भरू नका.

केंद्राबद्दल थोडेच सांगतो. सुरुवात सहा रुग्णांपासून करा, त्यांना दोन मदतनीस हवेत. जागा तळमजल्यावर हवी, शौचालयात आधाराचे दांडे हवेत. बाहेरचा दरवाजा सहज उघडता येऊ नये, पण आग लागली तर उघडता यावा.

प्रश्न : जुन्या संस्थेला वळण द्यावे की नव्या कामासाठी नवी संस्था काढावी? आमच्यात यावर दोन तट पडले आहेत. – एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : तुम्ही पुण्याजवळचे आहात, म्हणून अण्णासाहेब कर्व्यांकडेच बघू. १८९१ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले आणि मुरुडला बहिष्कार सोसला. त्याच वर्षी त्यांनी काढलेली मंडळी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी होती. घरातल्या अनुभवातून थेट निघालेले काम. पण पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या थोड्या आणि शिक्षणाची, आसऱ्याची गरज असणाऱ्या असंख्य, हे लक्षात आल्यावर त्यांनी पहिल्या मंडळीला ताणून मोठे केले नाही. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची वेगळी मंडळी स्थापन झाली, १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला गेला, आणि आश्रमाचे काम शिक्षणाचे ठेवून पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे राखले. त्यामुळे पुनर्विवाह ज्यांना मान्य नव्हता त्यांनाही आश्रमाला देणगी देता आली.

तुमच्या दोन्ही तटांनी हा निकष लावावा : नवे काम जुन्या देणगीदारांना किंवा जुन्या लाभार्थींना अडचणीचे आहे का? असेल तर वेगळी संस्था बरी. नसेल तर जुन्यातच वेगळे खाते काढा, कारण नवी संस्था दिसते तितकी स्वस्त नसते. सोसायटीला किमान सात माणसे लागतात. आयकराची पहिली नोंदणी तात्पुरती असते. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी घ्यायचा तर तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशी देणगीच्या नोंदणीसाठी तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च लागतो. म्हणजे पहिली तीन वर्षे ओळखीपाळखीच्या देणग्यांवर काढायची. सीएसआरची ‘तशाच कामाची’ ही अट जुन्या संस्थेलाही सुटत नाही, हे वळण देऊ पाहणाऱ्या तटाने ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मी एका संस्थेला आईच्या नावाने ५ लाख दिले, मुलींच्या वसतिगृहासाठी. आता संस्थाचालकांच्या नातवाच्या आजारामुळे संस्था बालकर्करोगाकडे वळली आहे. काम चांगलेच आहे. पण माझ्या पैशांचे काय? – एक देणगीदार, चिंचवड

उत्तर : विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, संकोच करू नका. तुमच्या देणगीपत्रात ‘वसतिगृहासाठी’ असे लिहिले असेल तर ती रक्कम त्या कामाला बांधलेली आहे. संस्थेला पत्र लिहून तीन गोष्टी मागा : किती खर्च झाले, किती शिल्लक आहेत, ताळेबंदात ती शिल्लक कोणत्या निधीखाली दाखवली आहे. ती सर्वसाधारण निधीत मिसळलेली दिसली तर लेखापरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याची विनंती करा.

आता हे वाचणाऱ्या संस्थांसाठी. दिशा बदलण्यापूर्वी निधींची एक यादी करा : कायम निधी, ठरावीक कामासाठी मिळालेला निधी, सरकारी अनुदान, सीएसआर, आणि खुली देणगी. नव्या कामाला फक्त शेवटच्या कप्प्यातले पैसे मोकळे असतात. बाकीच्यांना एकेक पत्र जायला हवे, आणि त्यात पर्याय द्या : मूळ कामासाठीच ठेवा, तसेच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्या, किंवा नव्या कामाला लेखी संमती द्या. ‘पंधरा दिवसांत कळवले नाही तर संमती समजू’ हे वाक्य घालू नका. मौन म्हणजे संमती, हे देणगीला लागू नाही. परदेशी देणगी असेल तर दुसऱ्या संस्थेला देण्याचा पर्यायच नाही. २०२० च्या दुरुस्तीने तसे हस्तांतर बंद झाले आहे. आयकरात पाच वर्षांसाठी एखाद्या कामाच्या नावाने साठवून ठेवलेली रक्कमही त्याच कामाची असते.

पंडिता रमाबाईंनी हे प्रत्यक्ष सोसले. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. उच्चवर्णीय विधवांचे शिक्षण या हेतूने बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे पैसा पुरवायचे कबूल केले होते. आई-वडील दुष्काळात गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. आता काम फक्त उच्चवर्णीय विधवांचे राहिले नव्हते. केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली, आणि शारदा सदन त्याच नावाने, शाळा म्हणून, शेजारी वेगळे चालत राहिले. तुमच्या संस्थेलाही वसतिगृहाचे खाते असेच वेगळे राखता येईल, अगदी चारच मुली उरल्या तरी.

प्रश्न : मी मुळशी तालुक्यात पाणलोटाचे काम करतो. आमच्या संचालक सरांच्या पत्नीने गेल्या वर्षी आत्महत्या केली. सर खचले, पण त्यातून उभे राहून त्यांनी संस्थेला मानसिक आरोग्याच्या कामात उतरवले. आता आम्हा कार्यकर्त्यांना एका दिवसाच्या शिबिरानंतर गावात ‘समुपदेशन’ करायला सांगितले आहे. सर प्रत्येक कार्यक्रमात पत्नीची सगळी हकीकत सांगतात. मला भीती वाटते. – एक कार्यकर्ता

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. ती सरांना सांगा, आणि एकट्याने सांगण्यापेक्षा दोघे-तिघे मिळून सांगा. एका दिवसाच्या शिबिराने समुपदेशक होत नाही. एका दिवसात चांगला ‘ओळखणारा’ मात्र होता येते, आणि गावात त्याचीच जास्त उणीव आहे. पाणलोटाच्या कामामुळे तुम्ही घरोघरी जाता, कोणाचा बोअर कोरडा गेला, कोणाकडे वसुलीवाले येतात, हे तुम्हाला आधी कळते. तिथे तुमचे काम एवढेच : माणूस गप्प झाला आहे, झोप-जेवण सुटले आहे, ‘माझ्यावाचून काही अडत नाही’ असे बोलतो आहे, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ते मनात भरते ही समजूत चुकीची आहे. उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडू नका, घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा, औषध फवारणीच्या बाटल्या घरातून हलवून कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला लावा, आणि तिथूनच १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक लावून द्या. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे. मग त्याला डॉक्टरकडे नेण्याची व्यवस्था करा. तिसऱ्या दिवशी पुन्हा जा. सल्ला देऊ नका, शपथा घालू नका.

कोणी प्रयत्न केला आणि वाचला तर घरचे पोलिसांच्या धास्तीने दवाखाना टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि सहसा त्याच्यावर खटला चालवता येत नाही, हे गावात सांगत राहा.

संस्थेकडे तीन गोष्टी मागा. दर आठवड्याला एक तास प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाबरोबर कार्यकर्त्यांची बैठक, कारण ऐकलेले तुमच्यातही साचते. एका कार्यकर्त्याकडे एका वेळी पाचाहून जास्त घरे नकोत. आणि ज्याला हे काम नको त्याला पाणलोटातच राहण्याची मुभा, पगारात फरक न करता. पुढे रुग्णांना राहायला ठेवायचा विचार निघाला तर त्या जागेची याच कायद्याखाली नोंदणी लागते, हेही कानावर घाला.

सरांच्या भाषणाबद्दल. त्यांना बोलून हलके वाटत असेल, पण कशाने आणि कसे केले हा तपशील सभेत कधीही येता कामा नये. त्याच मनःस्थितीतला कोणीतरी समोर बसलेला असू शकतो. बाईंच्या माहेरच्यांना आणि मुलांना हे असे सांगितलेले चालते का, तेही विचारायला हवे. सरांना दर कार्यक्रमात बोलायचेच असेल तर ती गेल्यानंतर शेजारी, नातेवाईक कसे वागले, कोणाच्या कोणत्या कृतीने आधार वाटला, यावर बोलावे. ऐकणाऱ्याला घरी जाऊन करण्यासारखे काहीतरी त्यातून मिळते.

प्रश्न : आमच्या अध्यक्षांना कर्करोगाचे निदान झाले आहे. उपचार सुरू झाले. टेकडीवर झाडे लावणाऱ्या आमच्या संस्थेने आता बाहेरगावच्या रुग्णांसाठी राहण्याची सोय करावी, असे त्यांच्या मनात आहे. आम्ही तयार आहोत, पण सगळे व्यवहार त्यांच्याच हाती आहेत. – खजिनदार, पुणे

उत्तर : राहण्याच्या सोयीचा विषय दोन महिने बाजूला ठेवा. या आठवड्यात त्यांच्याशी, त्यांना बरे वाटत असेल त्या वेळी, अर्धा तास बसा आणि पुढचे उरकून घ्या. बँकेत तीन सह्या करणारे आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांची सही पुरे, असा ठराव करा. केवायसीसाठी अध्यक्षांची सही लागेल, ती आजच घ्या. आयकर, धर्मादाय आणि सीएसआरच्या संकेतस्थळांवर कोणाचा मोबाइल नोंदला आहे ते पाहा, कारण ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि फोन रुग्णालयाच्या लॉकरमध्ये असतो. त्यांच्या डिजिटल सहीची मुदत कधी संपते ते लिहून घ्या, आणि दुसऱ्या विश्वस्ताची सही काढून ठेवा. जागेचा भाडेकरार, पाणी-टँकरवाल्याची बोली, वन विभागाशी झालेला पत्रव्यवहार यांच्या फायली घरी असतील तर त्या कार्यालयात आणा. जूनच्या लागवडीसाठी खड्डे मे अखेर घेतलेले असावे लागतात. ते कोण घेणार, मजुरी कोण देणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.

रुग्णांच्या सोयीची बोलणी सुरू कराल तेव्हा इमारत घ्यायचा विचार पहिल्या वर्षी करू नका. रुग्णालयापासून रिक्षाच्या पहिल्या टप्प्यातल्या अंतरात दोन खोल्यांचा फ्लॅट ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर घ्या, इमारतीच्या सोसायटीची लेखी संमती आधी मिळवा. चार रुग्ण आणि त्यांच्यासोबत एकेक नातेवाईक, एवढेच. उद्वाहन नसलेली इमारत नको; केमोथेरपीनंतर तीन जिने चढणे होत नाही, हे तुमचे अध्यक्ष तुम्हाला जास्त चांगले सांगतील.